डब्यातला आवाज

“डोळे मीट हं. ओळख बघू, कशाचा आवाज?” वृंदाने हरभऱ्याचा डबा खुळखुळ वाजवला. स्वयंपाक करता करता असे खेळ खेळत राहा, पोर बोलेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. दिवाळीत नवरा गेला, तेव्हापासून चार वर्षांच्या चिमीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

चिमीने झडप घालून डबा घट्ट धरला. बाहेरच्या खोलीकडे बघत ती कुजबुजली, “आई, हळू. बाबा उठतील.”

वृंदाला दिवाळीतला तो दिवस आठवला. त्या दिवशी त्याला तिथेच जमिनीवर निजवलं होतं, तेव्हा तिनेच लेकीला पोटाशी धरून सांगितलं होतं, “बाबा झोपलेत. अजिबात आवाज करू नकोस.”

तिने डबा ओढून घेतला आणि जीव खाऊन वाजवला. दोघी त्या खोलीकडे बघत राहिल्या.

कोणी उठलं नाही.