चिकटलेली पानं

"तुझा नायक मला पसंत नाही," आई म्हणाली. अर्धं सोल शहर माझ्या प्रेमकादंबरीच्या पुढच्या भागाची वाट बघतं, आणि ही सकाळी जेवताना मलाच शिकवते. "अगं आई, देखणा आहे, श्रीमंत आहे. नायिकेला आख्खी इमारत दिली त्यानं." "दिली असेल. पण ती जेवताना त्याचं लक्ष कुठं असतं? आणि तीही बावळट, नुसती घेतच राहते." "मग बाबांसारखा नायक लिहू?" "त्यांना काय कळतंय प्रेमातलं," म्हणत तिनं भाताशी तोंडी लावायच्या, मसाल्यात मुरवलेल्या पेरिलाच्या पातळ पानांत चॉपस्टिक घातल्या. नेहमीप्रमाणे दोन पानं चिकटून वर आली. बाबांनी पेपर वाचता वाचताच चॉपस्टिकनं खालचं पान दाबून धरलं. वरचं सुटलं. आईनं ते बाबांच्या भातावर घातलं आणि पुन्हा माझ्या नायकाला नावं ठेवली. मी संपादकाला कळवलं, "चुंबन पुढे ढकलतेय. आधी दोघांना जेवायला बसवते."