दिल्या घरच्या

“आमच्या घराण्यात कॅन्सर नाही,” वडील म्हणाले. मुलीच्या छातीतली गाठ साधी निघाली होती. पुढच्या तपासण्या ठरवायला दोघं जनुकीय समुपदेशिकेकडे आले होते.

समुपदेशिका वंशवृक्ष काढत होती: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. वडिलांच्या पिढीत तीनच चौकोन झाले.

“तुम्हाला बहिणी नाहीत?”

“दोघी होत्या. पण दिल्या घरच्या मुली आमच्यात कशाला धरायच्या?”

“कशानं वारल्या?”

“इंदूला छातीत गाठ झाली. शालूला अंडाशयाचा कॅन्सर…”

तिनं दोन वर्तुळं काढून कॅन्सरची खूण म्हणून काळी केली. “त्यांच्या जनुकातला दोष तुमच्यातही असू शकतो. आणि तुमच्याकडून हिच्यात.”

वडिलांनी शर्टाची बाही वर सारली. “आधी माझं रक्त तपासा. आणि इंदूच्या खाली दोन वर्तुळं काढा, मुली आहेत तिला. मी फोन करतो.”