चौथ्या खांबाचा फोटो

साओरीने दोन फोटो उन्नो सरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक तिसऱ्या खांबाचा, एक चौथ्याचा. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दोन्ही फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिले.

"तार बघा, सर," ती म्हणाली.

उभ्या सळयांना आवळून धरणाऱ्या रिंगांपैकी खालून पाचवीला बांधलेल्या तारेचं टोक दोन्ही फोटोंत सारखंच वाकडं होतं. सळईवरचा गंजाचा डागही तोच. खांब दोन आणि डाग एक, असं कधी होतं का? वेगळा होता तो फक्त समोर धरलेला छोटा फळा.

बांधकाम व्यवस्थापनाच्या कॉलेजात पहिल्याच महिन्यात हे घोटून घेतात. काँक्रीट ओतलं की खांबाच्या पोटात काय आहे ते देवालाही दिसत नाही. म्हणून ओतण्याआधी सळयांचा फोटो काढायचा, आणि फोटोत फळा धरायचा. त्यावर खडूने खांबाचा नंबर, तारीख, वेळ आणि तपासणाऱ्याचं नाव. पुढे भांडण झालं तर साक्षीदार तो फळाच.

चौथ्या खांबाच्या फळ्यावर लिहिलं होतं: १३ ऑक्टोबर, सकाळी नऊ. तपासणारा, उशिझावा इसामू.

म्हणजे साओरीचे बाबा.

ती सात वर्षांची होती तेव्हाचं हे काम. पुढच्याच वर्षी जपानच्या या अकिता भागात भूकंपाचा जरा मोठा हादरा बसला आणि त्या चार मजली इमारतीच्या चौथ्या खांबाला तडा गेला. फोडून पाहिलं तर आत रिंगा निम्म्याच. माणूस कुणी दगावलं नाही, पण नवीकोरी इमारत पाडावी लागली. चौकशीत इसामू तीनच शब्द बोलले, "साइट माझी होती," आणि वाकून उभे राहिले. संपलं.

तेव्हापासून ते रस्त्याच्या कामांवर लाल दिवा घेऊन गाड्या अडवतात. ज्यांच्या एका शिट्टीवर चाळीस माणसं हलायची, त्यांच्यावर आता कुणीही ट्रकवाला खेकसतो. साओरीच्या हे फार जिव्हारी लागे. या माणसाने काम टाळलं असेल? शक्यच नाही! आई गेल्यावर त्यांनी एकट्याने तिला वाढवलं, डब्यापासून वेण्यांपर्यंत काही चुकवलं नाही. शाळेचा रविवारचा क्रीडादिन एकदा पावसाने पुढे ढकलला, कामाच्या वारावर गेला. बाकीच्यांचे बाबा आले नाहीत. हिचे मात्र पहाटे सहाला मैदानावर चटई अंथरून, जागा धरून बसले होते. पालकांच्या शर्यतीत साइटचे बूट घालून धावले, तिसरे आले, आणि दिवसभर तिच्याबरोबरच होते.

चोर सोडून संन्याशाला सुळी दिलंय, हे तिने शाळेतच ठरवून टाकलं होतं. त्यासाठीच तर ती या कॉलेजात आली. शुक्रवारी शेवटच्या वर्षाचं सादरीकरण होतं. गावातले सगळे ठेकेदार ते ऐकायला येत, इसामूंचे जुने साहेबसुद्धा. त्यांच्यासमोर बाबांचं नाव धुऊन काढायचं होतं.

सरांनी फोटो खाली ठेवले.

"फोटो खोटा आहे, हे तू दाखवलंस. शाब्बास. पण नाव त्यांचं आहे, पोरी. नऊ वाजता ते दुसरीकडे होते असं दाखव. मग कुणीतरी त्यांच्या नावावर बिल फाडलं असं म्हणता येईल."

बारातेरा वर्षांपूर्वी एका सकाळी नऊ वाजता माणूस कुठे होता, हे कोण सांगणार? तिने दोन जुन्या कामगारांना फोन केले. एकाला काही आठवेना. दुसऱ्याने बाबांची तब्येत विचारली आणि घाईने फोन ठेवला.

ती घरी आली तेव्हा इसामू मासा भाजत होते. भूक आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं. तिने नेहमीसारखी आईच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली. शेजारी क्रीडादिनाचा फोटो होता. लाल टोपी घातलेली ती, बाबांच्या खांद्यावर. रोज दिसणारी वस्तू कोण निरखून बघतं? आज तिची नजर कोपऱ्यात गेली. जुने कॅमेरे फोटोवरच तारीख छापत, तसे बारीक नारिंगी आकडे होते: आधी वर्ष, मग महिना आणि दिवस.

१०. १३.

तिने दप्तरातला चौथ्या खांबाचा फोटो काढला. वर्ष जुळलं. तारीख जुळली. 

क्रीडादिनाचा फोटो उचलून ती धावत स्वयंपाकघरात गेली.

"बाबा, तुम्ही त्या दिवशी साइटवर नव्हतातच! सहा वाजल्यापासून माझ्या शाळेत होतात. हा बघा पुरावा." तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "तुमचं नाव दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं. शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगते, बघा तुम्ही."

इसामूंनी गॅस बंद केला. फोटो हातात घेतला आणि बाहीने काच पुसली. 

"आई गेल्यावरचा तुझा पहिला क्रीडादिन," ते म्हणाले. "करंगळीत करंगळी अडकवून शब्द घेतला होतास माझ्याकडून. आणि काँक्रीटच्या गाड्या नेमक्या त्याच दिवशी नऊला यायच्या होत्या."

"मग फळा कुणी लिहिला?"

"मीच. आदल्या संध्याकाळी. फोटोही तेव्हाच काढून ठेवला." त्यांनी फोटो तिच्या हातात परत दिला. "चौथ्याच्या रिंगा अजून बांधून व्हायच्या होत्या. म्हणून तिसऱ्याचा काढला."