मास्तरांनी घेतलेलं माप

बर्नार्डमास्तरांनी वाळलेलं प्लास्टर मातीतून उचललं आणि ते त्यांच्या एका हातात मावेना. नाताळच्या गोठ्यातून उरलेलं प्लास्टर त्यांनी केळीच्या वाडीत उमटलेल्या पावलात ओतलं होतं. गोठ्यासाठी त्यांनी त्यातूनच उंट केला होता, तो गाढव झाला. हे मात्र हुबेहूब उतरलं होतं. पंजा जेवणाच्या ताटलीएवढा.

मास्तरांनी दोन पावलांमधलं अंतर पाहिलं, बोट खुपसून खोली पाहिली, आणि मनातल्या मनात त्या पंजावर पाय, पायावर खांदा चढवत नेला. खांदा ओट्याच्या कठड्याच्याही वर निघाला. तिथेच त्यांनी हिशेब थांबवला. डोक्यापर्यंत जायची इच्छा राहिली नाही.

"मास्तर, पाणी दिलेल्या वाफ्यात माती पसरते," कुंपणापलीकडून शेजारचा ऑस्कर म्हणाला. "माझी मांजर फिरवा तुमच्या वाडीत, संध्याकाळपर्यंत वाघीण होईल."

सगळ्या सांडोर गावाला ते पटलं. बिबट्या आला आहे याबद्दल दुमत नव्हतं. तो किल्ल्याकडून आला की तुंगारेश्वराच्या डोंगरावरून, एवढाच वाद होता. तो अवाढव्य आहे हे फक्त मास्तरांना मान्य होतं, कारण माप त्यांनी एकट्यानेच घेतलं होतं. त्यांनी बायकोला, तिचं नाव बेटी, वाडीत पाऊल टाकू दिलं नाही. पाण्यावाचून केळी कोमेजल्या. घरात बसून बेटी संतापली.

वनखात्याने वाडीच्या तोंडाशी पिंजरा लावला आणि दुसऱ्याच सकाळी बिबट्या आत दिसला. गाव लोटलं. निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्या एका तरुणाने तासाभरात आभाराचा फलक लावला. त्यावर बिबट्यापेक्षा त्याचाच फोटो मोठा होता.

मास्तर ठसा घेऊन पिंजऱ्यापाशी गेले. आतला पंजा जेमतेम मुठीएवढा होता.

"बघितलंत? माती पसरते," ऑस्कर म्हणाला.

हरल्याचा एवढा आनंद मास्तरांना आयुष्यात झाला नव्हता.

"झालं समाधान?" बेटीने कुदळ उचलली. "तुमच्या प्लास्टरपायी माझ्या केळी मेल्या असत्या." पाणी वळवायला ती वाडीत शिरली, आणि चार पावलांत पानांआड दिसेनाशी झाली.

गर्दी पांगली. मास्तर रेंगाळले. बिबट्या गुरगुरत नव्हता, गजांना धडका देत नव्हता. आमिषाची कोंबडी त्याच्या अंगाला लागून जिवंत बसली होती. दोघंही मागच्या गजांना चिकटून वाडीकडे टक लावून होती.

"दार धाडकन पडल्यावर घाबरला असेल बिचारा," मास्तर म्हणाले.

वनरक्षक विघ्नेशने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"कोणाला बोलू नका, मास्तर. दार पडलंच नव्हतं. सकाळी आलो तेव्हा सताड उघडं, आणि हा आत बसलेला. मी दार ओढेपर्यंत माझ्याकडे असा बघत होता, की लाव बाबा लवकर."