मुठीवरच्या खाचा

“बाबा, तो हात काढा आधी तिथून.”

पूर्णिमाची नजर रस्त्यावर होती. मांजरी गावातल्या मावशीकडची वास्तुशांत आटोपून तिघं घरी निघाली होती आणि बिबवेवाडीच्या चढावर गाड्या एकामागे एक अडकल्या होत्या. शेजारच्या सीटवर नागोराव नेहमीसारखे ताठ बसले होते. उजवा हात हँडब्रेकच्या दांड्यावर घट्ट मिटलेला.

“असू दे. चढ आहे.”

“चढ मलाही दिसतोय. हडपसरला रस्ता सपाट होता, तेव्हाही होताच की हात.”

“गाडी मागं गेली तर?”

“तर मी ओढीन. तुम्हीच शिकवलंय ना? आधी पाय ब्रेकवर, मग बटण दाबून दांडा वर. बटण न दाबता करकर ओढला की आतले दाते झिजतात. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक सोडायचा, गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड लावायचा. अजून काही राहिलं का, सर?”

“पूर्णे, पुरे,” मागच्या सीटवरून सुशीलाबाई म्हणाल्या.

“काय पुरे, आई? बंगळूरला अख्खी टीम माझ्या हातात देतायत, आणि ह्यांचा माझ्यावर एका चढापुरताही विश्वास नाही.”

नागोरावांनी हात काढला. तो मांडीखाली घेतला आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. शिक्षा झालेल्या पोरासारखे, असं तिच्या मनात आलं. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवताना त्यांनी कितीतरी पोरांना असं बसवलं असेल.

सोसायटीत गाडी लावून पूर्णिमानं हँडब्रेक ओढला, मुद्दाम जरा जोरातच. सुशीलाबाईंनी मागून वाकून नवऱ्याचा पट्टा सोडवला. असले लाड अलीकडे वाढले होते. निवृत्त झाला की माणूस हट्टी होतो, असं पूर्णिमानं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. दिवाळीपासून त्यांनी गाडी चालवणं सोडलं; म्हणाले, डोळे चुरचुरतात. जिन्याजवळच्या फळ्यावर रोज सकाळी वळणदार अक्षरात सुविचार लिहायचे, तेही सोडलं. फळा तेव्हापासून कोराच होता.

“काय मास्तर, सुविचार संपले वाटतं?” खालच्या मजल्यावरच्या दत्तप्रसादांनी दारातूनच विचारलं.

“वाचणारे सुधारले,” नागोराव म्हणाले आणि खिशात हात घालून जिना चढले.

वर आल्यावर सुशीलाबाईंनी चहा केला. नवऱ्याचा कप अर्धाच भरला. पूर्णिमा आपला कप घेऊन आतल्या खोलीत गेली. राग अजून उतरला नव्हता. उद्या बोलू, असं म्हणून ती झोपली.

पहाटे नागोराव झोपेतच गेले.

कंपनीनं रुजू व्हायची तारीख पुढं ढकलली. बघता बघता तीही जवळ आली. आईनं काही दिवस मांजरीला मावशीकडे राहायचं आणि गाडी विकायची, असं ठरलं. पावसाळा सरत आला होता. पूर्णिमानं गाडी सुरू केली, तर मागची चाकं जागची हलेनात. मांजरीहून आल्यावर ओढलेला हँडब्रेक तसाच होता. तो सोडायचं, चाकाला दगड लावायचं घरात कुणाला सुचलंच नव्हतं. ज्यांना सुचलं असतं, ते नव्हते.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला बजरंग आला. त्यानं चाकं काढली, चिकटलेले ब्रेक ठोकून मोकळे केले, गंज घासला. मग सीटवर बसून दांडा दोनदा वर-खाली करून बघितला.

“ताई, गंमत बघा. केबल नव्यासारखी आहे. रोज जोर लावून ओढलं की ती सैल पडते, तसं काहीच नाही. पण ही मूठ?”

मुठीवरचं रबर पार गुळगुळीत झालं होतं. बोटांच्या जागी खाचा पडल्या होत्या.

“कोण बसायचं हो शेजारी?” बजरंग हसला. “जीव मुठीत धरून बसल्यासारखं दिसतंय.”

“माझे वडील.”

बजरंगचं हसू गेलं. तो पान्हे गोळा करू लागला. “चढावर एकदा उभी करून बघा,” एवढंच म्हणाला.

सुशीलाबाई बरोबर आल्या. पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसल्या. चढ निम्मा आल्यावर पूर्णिमानं गाडी कडेला घेतली, बटण दाबून दांडा ओढला आणि ब्रेकवरचा पाय हळूच उचलला. गाडी तसूभरही मागं गेली नाही.

“धरतोय,” ती म्हणाली. आवाज कोरडा होता. “आता ती मूठ तेवढी बदलायला हवी. गिऱ्हाईक विचारेल, कोण एवढं घाबरत होतं म्हणून. काय सांगू मी? माझेच वडील?” तिनं मुठीकडे बोट दाखवलं. “शेवटच्या दिवसापर्यंत, आई. एकदाही विश्वास टाकला नाही त्यांनी माझ्यावर.”

सुशीलाबाईंनी मुठीवरच्या खाचांत आपली बोटं ठेवून बघितली. ती बसली नाहीत. त्यांनी हात मागं घेतला, तसा पूर्णिमानं दांडा पुन्हा धरला.

“विश्वासाचं नव्हतं गं काही. हात थरथरायचा त्यांचा. दिवाळीपासून. काहीतरी घट्ट धरलं की थांबायचा.” त्या समोरच्या काचेकडे बघत होत्या. “तुला कळू द्यायचं नाही म्हणाले. कळलं तर पोरगी बंगळूरला जायची नाही.”

शेजारून एक बस घरघरत चढ चढून गेली. पूर्णिमानं दांड्यावरचा आपला हात सावकाश उचलला आणि दांड्याची मूठ मोकळी ठेवली.

“असू दे, बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली. “ठेवा हात.”