सहावा कागद

स्वरूपा बोटीवर नोकरीला गेली, तेव्हा आमचं हातभराचं लाकडी जहाज अपुरं राहिलं. नकाशाच्या सहापैकी चार कागदांचं काम आम्ही बापलेकींनी केलं होतं. बैलगाड्या करण्यात माझी हयात गेली. समुद्र पाहिलेला नाही. तरी पाचव्या कागदाबरहुकूम डोलकाठ्या उभ्या केल्या, दोर ताणले. सहावा शिडांचा. तो उलगडलाच नाही. फोनवर पोरगी विचारायची, "आबा, शिडं लावली का?" मी म्हणायचो, "मनासारखं कापड मिळंना." निमगावच्या बाजारात कापडाला काय तोटा! काल बायकोनं गाठलंच. "आवं, खरं सांगा." "शिडं लागली की जहाज निघून जातं. ऱ्हाऊ दे हितंच." आत जाऊन तिनं पोरीची पांढरी ओढणी आणली. पोर गेल्यापासून तिनं ती धुतलीही नव्हती. कात्रीसकट ती माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली, "कापा. शिडंच न्हाईत, तर पोर माघारी कशी येईल?"