उसनं कातडं

“वास ओळखीचा लागला की मेंढी पोटचं-परकं बघत नाही गं,” बाबा म्हणायचे. मेलेल्या कोकराचं कातडं ते पोरक्या कोकराच्या अंगावर चढवायचे, आणि मेलेल्याची आई त्याला मुकाट पाजायची. वेल्सच्या त्या डोंगरगावात लहानग्या मेरेरिदला हसू आवरायचं नाही. “कशी फसली वेडी!”

पुढे कितीतरी वर्षांनी आईला मातीआड करून आल्यावर मेरेरिदनं पेटीतून आपलं लोकरी झबलं काढलं. “आईनं किती जपलंय! माझ्यासाठीच विणलेलं ना, बाबा?”

बाबांनी झबलं तिच्या हातातून घेतलं.

“ते आमच्या मेरेरिदचं होतं, पोरी. ती गेली, मग तुला अनाथालयातून आणलं आणि मीच ते तुझ्या अंगावर चढवलं… नावासकट.”